नोरिंगच्या लग्नाची तारीख

गेल्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना एका नव्या पोरीनं मला गाठलं. वर्षभरापूर्वी आमच्या मायदेशातल्या लाओग शहराहून इथं विनिपेगला आलेली, एका हॉटेलात भांडी घासते. "मनांग तेता, नियम बदलला म्हणे. आमच्यासारखं काम करणारीच्या नवऱ्याला आता इथं कामाचा परवाना मिळत नाही. खरं का?" खरं होतं. वरच्या हुद्द्यावरच्या बायकांचे नवरे येणार, भांडी घासणारीचा नवरा तिकडेच बसून राहणार. भांडी घासणारीलाही संध्याकाळी घरी कुणीतरी लागतं, हे त्या कायदा करणाऱ्यांना कोण सांगणार! पोरगी रडवेली झाली. तिला धीर द्यायला म्हणून मी बोलायला लागले, आणि तोंडातून नोरिंगची गोष्ट निघाली.

नोरिंग माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मनांग म्हणायची, म्हणजे ताई. ती मला अडिंग म्हणायची, म्हणजे धाकटी. थंडीचे जाड कोट शिवायच्या कारखान्यात आमची मशिनं शेजारी शेजारी होती. ती टोप्यांना अस्तर लावायची, मी खिसे जोडायची. आता त्या जागी मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम झालंय, पण बसमधून जाताना माझी मान अजून तिकडे वळते. काय दिवस होते ते! बाहेर उणे तीस, आत पन्नास मशिनांची घरघर, आणि जेवायच्या सुट्टीत सुक्या मासळीचा घमघमाट. सुपरवायझर नाक मुरडत जायचा आणि आम्ही मुद्दाम दुसरा डबा उघडायचो. नोरिंग तर त्याला आग्रहच करायची, "घ्या हो साहेब, एक तुकडा. मेलात तर कोट आम्ही फुकट शिवून देऊ."

अशी हसरी बाई. पण नवऱ्याचा विषय निघाला की गप्प.

झालं होतं असं. २००६ साली नोरिंगचं आणि सिद्रोचं जमलं. सिद्रो गावातून लाओगपर्यंत जीप चालवायचा. पण त्याच फेब्रुवारीत नोरिंगच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, आणि एका वर्षात सख्ख्या बहिणींची दोन लग्नं आमच्यात करत नाहीत. एकीचं नशीब दुसरी खाते म्हणतात. तेव्हा चर्चमधलं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. मे महिन्यात मेयरसाहेबांनी सामुदायिक लग्नं लावली. चाळीस जोडपी नगरपालिकेच्या आवारात ओळीनं उभी, एकच भाषण, एकच केक, आणि प्रत्येक जोडप्याला एक टेबलफॅन. सिद्रोनं हट्ट धरला, "चल गं, आपणही उभं राहू." नोरिंग हसत हसत उभी राहिली, सही केली, पंखा घेतला आणि आपल्या आईच्या घरी गेली. सिद्रो त्याच्या घरी.

चार महिन्यांत विनिपेगच्या कारखान्याचं बोलावणं आलं. कागद भरताना आई शेजारी बसली होती. विवाहित की अविवाहित, असा रकाना आला तेव्हा नोरिंग थबकली. आई कडाडली, "पाद्रीशिवाय कसलं लग्न? पंखा मिळाला म्हणजे नवरा मिळाला होय गं?" नोरिंगनं अविवाहित लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला तसंच वाटलं असतं.

२००९च्या जानेवारीत ती गावी गेली. चर्चमध्ये बारा जोडी साक्षीदारांसमोर थाटात लग्न केलं आणि परत येऊन सिद्रोला बोलवायचा अर्ज टाकला. वर्षानं उत्तर आलं. व्हिसाच्या कचेरीला मेयरकडच्या लग्नाचा कागद सापडला होता. तुम्ही इथं आलात तेव्हाच तुम्हाला नवरा होता, तो तुम्ही लपवलात, आता त्याला कधीही बोलावता येणार नाही. ते पत्र तिनं मशिनशी बसूनच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दिवसभर अस्तरं लावत राहिली. संध्याकाळी सुपरवायझरनं तिच्या अकरा टोप्या परत पाठवल्या. सगळी अस्तरं उलटी लागली होती.

मग सुरू झाली ती दर दुसऱ्या जानेवारीची वारेमाप धावपळ. पाच आठवड्यांची रजा, डब्यावर डबे चॉकलेटं, टॉवेल, साबण. पाच आठवडे संसार आणि मग पुन्हा विमान. मूल झालं नाही. आधी व्हावंसं वाटे, मग वय गेलं. मला तिचा फार राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा. एकदा म्हटलं, "सोड ना ही नोकरी, जा त्याच्याकडे." म्हणाली, "आणि आईच्या डायलिसिसचे पैसे तू भरणार?" मी पुन्हा खिसे जोडायला लागले.

आई गेली. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या चर्चच्या मदत केंद्रातल्या बाईनं सांगितलं की नियम सैल झालाय. येताना नवऱ्याचं नाव सांगायचं राहून गेलं असेल, तर आता कबुली देऊन बोलावता येतं. शिवाय अर्ज चालू असतानाच त्याला इथं येऊन कामाचा परवाना मिळू शकतो. मी धावत नोरिंगच्या खोलीवर गेले. कागद पुढ्यात ठेवला. तिनं वाचला आणि परत सरकवला.

"मी नाही हे लिहिणार."

"का?"

"इथं लिहायचंय की मी तेव्हा लग्न झालेली होते आणि ते सांगितलं नाही. मी लपवलं नव्हतं, अडिंग. माझं लग्न चर्चमध्ये झालं. हे लिहिलं तर माझी आई खोटी ठरते."

"अगं, आई गेली! सिद्रो जिवंत आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी भिंत ठोकली. "एक ओळ लिहायची तुला. एक! तुझ्या या अभिमानाचं काय लोणचं घालायचंय?"

"तू ओरड हवं तेवढं."

मग मीच तिच्या फोनवरून सिद्रोला लावला, स्पीकरवर. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडे आरवत होते. मी सगळं सांगितलं. त्याला मी मनोंग म्हणायची, म्हणजे दादा. म्हटलं, "मनोंग सिद्रो, आता तुम्हीच समजवा तुमच्या बायकोला."  

"नोरिंग," तो म्हणाला, "तू ऐकतेयस ना?"

"हं."

"मी पंख्यासाठी उभा राहिलो नव्हतो गं."

नोरिंगनं माझ्याकडे पाहिलं. तो सावकाश बोलत होता, जीप चढावर असावी तसा. "तू त्या दिवशी आईकडे गेलीस. मी घरी आलो आणि आमच्या म्हातारीला सांगितलं, सून आली तुला. ती म्हणाली, कुठाय? मी म्हटलं, येईल. चर्चमधलं लग्न तुझ्या आईसाठी केलं, चांगलंच केलं. पण माझं लग्न त्याआधीच झालेलं होतं. तुला काय लिहायचं ते लिही, मी रागावणार नाही. फक्त तेतानं विचारलं म्हणून सांगितलं."

फोन ठेवल्यावर ती पलंगाच्या कडेवर टेकली. मी चहा केला, तो निवला. मग ती म्हणाली, "अडिंग, इतकी वर्षं माझा नवरा त्या लग्नात एकटाच होता." आणि ढसाढसा रडली. विनिपेगच्या सगळ्या वर्षांत मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रडून झाल्यावर तिनं पेन मागितलं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सिद्रो आला. डोक्यावरचे केस गेलेले, हातात आल्याच्या वड्यांची पिशवी. परवाना मिळाला तसा तो आमच्याच कारखान्यात कोट खोक्यात भरायच्या कामाला लागला. दोघं एकाच बसनं यायची. चहात साखर किती, झोपताना खिडकी उघडी की बंद, यावरून नव्या जोडप्यासारखी भांडायची. जेवायच्या सुट्टीत नोरिंग आता माझ्याशेजारी बसत नसे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते लागायचं.

मे महिन्यात एक दिवस ती भला मोठा डबा घेऊन आली. आत पान्सित होतं, लांब लांब शेवयांचं, आयुष्य वाढावं म्हणून सणासमारंभाला करतात ते. तिनं सगळ्यांना वाढलं. कुणीतरी विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"

"लग्नाचा," नोरिंग म्हणाली.

"कितवा?"

"अठरावा." मी बोटांवर मोजलं, चर्चमधल्या लग्नाला पंधराच वर्षं झाली होती.

सिद्रोनं तोंडाकडे नेलेला घास तसाच खाली ठेवला. ताटली बाकावर ठेवून तो उठला, कोटांच्या खोक्यांमागे गेला, आणि कामाची घंटा होईपर्यंत बाहेर आला नाही.