ओबोचा सूर

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. ऑटोवाल्याशी, पार्किंगवाल्या अंकलशी, मेट्रोत पाय पसरून बसणाऱ्यांशी, कुणाशीही जुंपायला मी एका पायावर तयार असते. आई म्हणते, हिच्या नाकावर राग बसलेलाच असतो. म्हणूनच त्या रविवारी माझी दातखीळ का बसली, ते मला अजून उमगत नाही.

रविवारी आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम असायची, दिल्लीत मयूर विहारमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. ज्यांच्या घरची माणसं एकमेकांचं नाव काढलं तरी भडकतात, अशा घरांतली मुलंमुली मुद्दाम शोधून शेजारी शेजारी बसवलेली. जमनापारच्या हिंदू-मुसलमान दंगलीतल्या दोन्ही बाजूंची, मणिपूरच्या डोंगरातली आणि खोऱ्यातली, काश्मीर सोडावं लागलेल्या पंडितांची आणि तिथेच राहिलेल्या मुसलमानांची. आम्ही विदर्भातले बौद्ध, बाबा सरकारी नोकरीत, त्यामुळे मी दिल्लीतच वाढले. मला कुठल्या भांडणात बसवायचं ते संयोजकांना कळेना. शेवटी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचीच जरा मोठी बहीण, वाजवणारं दुसरं कुणी मिळत नाही म्हणून घेतलं.

ऑर्केस्ट्राची एक रीत असते. सुरुवातीला सनईसारखा दिसणारा ओबो एकच लांब सूर धरतो आणि सगळे आपापलं वाद्य त्यावर लावून घेतात. आमच्याकडे ओबो वाजवायची ती काश्मीरची मुसलमान मुलगी होती, इथे कॉलेजात शिकणारी. हॉलमध्ये शिरली की आधी ओबोची फुंकायची पत्ती पाण्यात भिजत घालायची आणि मग माझा डबा उघडायची. आईच्या हातची फोडणीची पोळी असली की मला अर्धीच मिळायची. कार्यक्रमासाठी आम्ही दोघींनी सरोजिनी नगरला जाऊन काळे कुर्ते घेतले, तेव्हा घासाघीस मी केली आणि ती बाजूला उभी राहून लाजत होती.

मग एका आठवड्यात तिच्याकडे, काश्मीरमध्ये, अतिरेक्यांचा हल्ला झाला, निरपराध माणसं मारली गेली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येत होतं ते इथे लिहायलाही नको. तरी ती रविवारी आली. डोळे सुजलेले होते. ती जागेवर बसली आणि तिने सूर धरला.

कुणी वाद्य उचललंच नाही. पहिल्या रांगेतल्या एकीने फोन काढला, त्यातलं सूर दाखवणारं ॲप उघडलं आणि व्हायोलिन त्यावर लावायला लागली. मग तिच्या शेजारचा. मग मागची रांग. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सगळ्यांच्या माना फोनमध्ये गेल्या आणि ती दम संपेपर्यंत सूर धरून होती. श्वास घेऊन तिने पुन्हा धरला. आमची तालीम घेणारे सर फौजी बँडमधून रिटायर झालेले, त्यांच्या कानातून काही सुटत नाही. ते स्टँडवरचे कागद चाळत राहिले आणि म्हणाले, "हो गया? चलो."

मीही फोन काढला होता. ॲपवर हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळली. मला तिचा राग नव्हता, काही नव्हतं. आपल्याला कुणी विचारू नये की तू कुणाच्या बाजूची, एवढंच डोक्यात होतं.

रात्री जेवताना मी हे तावातावाने सांगितलं. कसली माणसं आहेत यार, लाज नाही वाटत. बाबांनी घास हातात धरून विचारलं, "तू कशावर लावलंस?"

"सगळ्यांनी फोनवर लावलं, बाबा."

"मी तुझं विचारतोय."

मी आमटीत पोळी कुस्करत राहिले. बाबा जुनं काही सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. दिल्लीतल्या पहिल्या ऑफिसात ते दुपारी पाण्याचा जग भरून आणायचे आणि सगळ्यांना पाणी विचारायचे. प्रत्येक जण हसून म्हणायचा, अभी प्यास नहीं है. बाबा जागेवर जाऊन बसले की एकेक जण उठून नळावर जायचा. "वाईट कुणी बोललं नाही," बाबा म्हणाले. "बोलले असते तर भांडलो असतो."

आईने मला आणखी भात वाढला. आपल्याच घरात, आपल्याच ताटापुढे मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फोन घरीच ठेवून गेले. ठरवलं होतं, तिने सूर धरला की सगळ्यांच्या आधी व्हायोला उचलायची आणि मोठ्याने लावायची. ती आली, पत्ती भिजत घातली आणि पिशवीतून एक छोटं मशीन काढून स्टँडवर ठेवलं. सगळ्यांना म्हणाली, "इससे मिला लो. ये किसी का नहीं है." बटण दाबल्यावर सरळ, कोरडा सूर यायला लागला. सगळ्यांनी पटापट लावून घेतलं. सुटल्यासारखं वाटलं असणार सगळ्यांना.

मी उठून तिच्याजवळ गेले. म्हटलं, "मुझे तेरा वाला चाहिए."

"मैंने भी अपना इसी से मिलाया है," ती म्हणाली. "एक ही बात है. जा, बैठ."

मी जाऊन बसले आणि मशीनवर लावलं.

कार्यक्रम छान झाला. तेव्हापासून आमच्याकडे सूर मशीनच देतं. आमचं लावून होईपर्यंत ती ओबो मांडीवर घेऊन बसते. माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते, आईची विचारपूस करते. डबा पुढे केला तर म्हणते, खाके आई हूँ. एकदा तरी भांडली असती.