बत्तीस अंश

मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. डाय — म्हणजे पत्रा दाबायचा पोलादी साचा — सत्तर अंशांवर. हजर दोघंच, मी आणि शंकर. हे आकडे मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत, बायकोलाही नाही. नोंदवहीत तापमान वेगळं आहे.

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पोलाद कडक करायच्या भट्ट्यांवर काम करतो. शंकर बेळगावकडचा, माझ्या आधीच्या पाळीला. मला तो आवडत नव्हता. आजही आवडत नाही — हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल गैरसमज नको. मी दर पंधरा मिनिटांनी मीटर बघून लिहिणारा. तो नुसता पोलादाचा रंग बघून म्हणायचा, "हजार वीस." मीटरवर हजार वीसच असायचे! मी वही उघडली की सगळ्यांसमोर ओरडायचा, "सरका रे, चित्रगुप्त आले!" सारख्या बरोबर ठरणाऱ्या माणसाचा राग येत नाही का? मला यायचा.

भट्टीप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. ती त्यालाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

तापवून तेलात बुडवलेलं पोलाद पुरतं गार होऊ द्यायचं नसतं. हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच दुसऱ्या, मंद भट्टीत घालायचं — टेंपरिंगला. नाहीतर तडकतं. पाळी बदलताना शंकरने डायजवळ तळहात धरला. "अण्णा, अजून स्वल्प गरम आहे. दहा मिनिटांनी टेंपरिंगला टाक की."

"सरी, टाकतो," मी म्हणालो. तो गेला.

मी टाकली नाही. विसरलो? नाही. मंद भट्टी तयार होती, रिकामी होती. मी स्टुलावर बसून डायकडे बघत राहिलो — दहा मिनिटं, वीस, तास, दोन तास. चार पस्तीसला टण्णकन आवाज आला. मग मी वही उघडली आणि दोन-दहाच्या रकान्यात लिहिलं: ताबा घेताना डाय बत्तीस अंश. म्हणजे शंकरनेच ती गार होऊ दिली. एकोणीस वर्षांत मी लिहिलेला एकच खोटा आकडा.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे तो भांडणार, म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्याने वही वाचली. आपला तळहात उलटसुलट करून बघितला. म्हणाला, "अण्णानं लिहिलंय म्हणजे तेवढंच असणार. माझ्याच हाताला कळलं नसेल."

याचा राग मला अजून येतो. भांडला का नाही हा माणूस?

त्याला भट्टीवरून काढून शॉट ब्लास्टिंगच्या — छर्रे मारून पोलाद साफ करायच्या — धुळीत टाकलं. प्रमुख मी झालो. रंग बघून आकडा सांगणं त्याने सोडलं. आता चहाचा ग्लाससुद्धा दोनदा चाचपून उचलतो.

माझ्या बढतीला त्याने गावाहून कुंदा आणला, पाव किलो. मी तो घरी नेला, चौघांत सारखा वाटला, आणि माझा वाटा खाल्ला.