हिरव्या रंगाखालची सायकल

माझे पती मंगळवारी सकाळी साक्री रस्त्यावरून सायकल चालवून देवपूरला घरी आले, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

सायकल ओट्यावर भिंतीला टेकलेली राहिली. ती टायटॅनियमची. पुण्यात नोकरीला असताना, मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी माणसाकडून त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. तिला रंग नव्हता. नुसता करडा, मळकट दिसणारा धातू. माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, जन्मभर शेतीत राबलेले. बिनरंगाचं लोखंड म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट सोडलेलं काम. पावसाळ्याआधी फाटक रंगवलं, त्यातला हिरवा ऑइलपेंट उरला होता.

"उघडं लोखंड शे. पावसामा बठ्ठं गंजी जाई," ते म्हणाले आणि अंगणात बसून त्यांनी सगळी फ्रेम रंगवली. या धातूला गंज चढत नाही, हे मला माहीत होतं. पण तेराव्यानंतर त्यांच्या हाताला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. संध्याकाळी मी ब्रश धुऊन ठेवला.

सायकल टांगून ठेवायची वस्तू नाही, असं पती नेहमी म्हणत. म्हणून दिवाळीनंतर जळगावच्या त्यांच्या एका मित्राला मी ती बघायला बोलावलं. दोघं पूर्वी यावलकडे केळीच्या बागांमधून सायकली चालवत जायचे. मी बोलावलं खरं, पण मनातून वाटत होतं, याने काहीतरी खोट काढावी. विकण्यासारखी नाही म्हणावं. मग ती घरात राहिली असती.

"वहिनी, हे काय! पार ट्रॅक्टर करून टाकलाय," तो हसला. आबा दारात दिसले तसा तो सायकलकडे वळला. त्याने सायकल एका हाताने उचलली, नळ्या बोटाने वाजवून ऐकल्या, सीटखालचा नट ढिला करून दांडी ओढून पाहिली. ती सहज निघाली.

"जुन्या फ्रेममध्ये ही अडकून बसते. त्याने वेळच्या वेळी ग्रीस लावलेलं दिसतंय. पण सांधे बघितल्याशिवाय किंमत नाही सांगता येणार. तडा गेला की लोक वरून रंग मारतात. तडा असेल तर भंगारच."

थिनरचं फडकं घेऊन तो पेडलजवळचा सांधा घासू लागला. फडकं हिरवं होत गेलं. मी वाकून तडा शोधत होते. खवल्यांसारखी वेल्डिंगची रांग दिसली, कुठेही न तुटलेली. त्याने मग बाकीचे सांधेही पुसून पाहिले.

"एक नंबर आहे, वहिनी. म्हणाल ती किंमत देतो."

आबा पुढे आले. "मंग इले रंग लागतच नही?"

"नाही आबा. गंजच नाही चढत. आपण जाऊ, ही राहील."

बोलून गेला, आणि फडक्याची घडी घालत खाली बघत बसला.

आबा त्या उघड्या सांध्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लई जा. माले दिसाले नको."

मी 'नको, विकायची नाही' म्हणू शकले असते. आबांचा चेहरा बघून मी तसं म्हटलं नाही.

सायकल आता जळगावला आहे. तो ती रोज चालवतो. इथे आबा आहेत आणि मी आहे.