टरकाखाली बांदलेली झोळी

टरक सुरू झाला! मी वर, सामानाच्या ढिगावर, हातात लोनच्याची बरनी, अन् माही आठ महिन्याची पोट्टी खाली, टरकाच्या पोटाखाली, झोळीत झोपलेली.

"थांबा! अवो, थांबा ना!" मी वरडली. पन त्या इंजिनाच्या आवाजात देवानं हाक मारली असती तरी कोनाले आइकू आली नसती, माही काय कथा. टरक गचकन पुढं सरकला. तवा माह्यावर काय गुदरलं ते मले लिवता येत नाई. तिसरीपर्यंत शिकली मी, तिसरीत असं काई लिवाले शिकवत नाईत.

तुमी म्हनान, कोन्ती माय आपलं लेकरू टरकाखाली टांगते? तं आइका, मंग बोला.

आमचा तांडा बाभुळगावापासून कोसभर. पोट्टीचा बाप टरक चालवते. टरक ठेकेदाराचा, मिजास याची. ठेकेदारानं सांगतलं, चांद्याच्या पल्याड जंगलात सडकेचं काम निंगालं, टरक घेऊन जाय, रांधाले बायको ने, पाऊस लागेपर्यंत तिथीच राहा. म्हनजे चार दिवसाचा रस्ता अन् चार महिन्याचा मुक्काम. मी वणीच्या पुढं कधी गेली नाई. वणीलेही एकदाच गेलती, तेबी दात उपटाले.

आता टरकात काय काय भराव? पोट्टीचा बाप म्हने, एक जादा टायर, दोन टूप, जॅक, दोरं, ताडपत्री, तेलाचे डबे, अन् इंजिनात टाकाले पान्याचा पिपा. बस. खायाचं काय? तर म्हने, "रस्त्यानं भेटन." जंगलात याले कोन वाढून ठेवलं होतं! मी म्हनली, पोट्टीचे लंगोट, घुटीचं सामान, कंदील, तवा, जवारीचं पोतं. अन् याडीनं, म्हनजे माह्या सासूनं, आमच्यात मायले याडी म्हनते, तिनं भिंती सोडून अख्खं घर बाहीर काढलं. जातं. पाटा. वरवंटा. मिठाची गोनी. डाळीच्या चुनीची गोनी. दोन कोंबड्या आपापल्या खुराड्यासगट. गोवऱ्याचं पोतं.

"याडी, जंगलात गोवऱ्या कायले? तिथी लाकडंच लाकडं हायेत," पोट्टीचा बाप म्हने.

"तिथल्या लाकडाले तू ओळखतं का?" याडी म्हने.



याडीच्या बापाचे शंभर बैल होते म्हनते. शंभर का दहा, मोजाले कोन गेलतं. पन तिच्या घरचे लोक बैलाच्या पाठीवर मीठ-दाना लादून पार समुद्रापासून इकडं आनत, हे खरं. त्यामुळं लादाची अक्कल आपल्याच घरानं जगाले देली, असं तिचं मत. मीठ पहिले चढलं पायजे. चढलं. डाव्या अंगाले जेवढं, उजव्या अंगाले तेवढंच. जातं डावीकडं ठेवलं तं पाटा-वरवंटा उजवीकडं. जवारी डावीकडं तं चुनी उजवीकडं. कोंबड्या दोन, तं एक खुराडं इकडं अन् एक तिकडं, बिचाऱ्या एकमेकीले हाका मारत बसल्या.

"याडी, हे बैल नोहे, मोटर हाय!"

"बैल असो का मोटर. पाठ ते पाठ."

असं सकाळपासून चालू होतं. पन हे सारं हसन्यावारी. खरी गोठ येगळीच होती, अन् तिनं मले आठ दिवसापासून झोप नव्हती. याडी म्हने, पोट्टी इथी ठेव.

"चार दिवसाच्या रस्त्यात लेकरू मरन," म्हने. "मी बकरीचं दूध पाजीन. तू जाय नवऱ्याच्या भाकरी थापाले."

"तुमच्या मायनं तुमाले बैलावर घालूनच नेलं ना?" मी म्हनली. भेत भेतच म्हनली.

"ते बैल होते. बैल मानूस ओळखते. पाय टाकाच्या आंधी पायते. हे लोखंड कोनाले ओळखते वं?"

 मायसमोर पोट्टीच्या बापाची जीभ टाळूले चिकटते. टरकावर वाघ, घरात कोंबडी. तिसरी कोंबडी, म्हना.

म्हनून मी पोट्टीले नजरेआड होऊ देत नव्हती. याडी म्हने, झोपडीत टाक तिले, तिथी सावली हाय. मी नाई टाकली. झोपडीत टाकली असती तं याडीनं दाराशी बूड टेकलं असतं अन् मंग इंद्राचा हत्ती आनला तरी उठली नसती. अन् ऊन तं असं का कावळाही झाड सोडत नव्हता. मंग काय केलं? वावरात आमी सगळ्या बाया करतो तेच केलं. बैल सोडले का बंडीच्या खाली झोळी बांधाची, लेकरू झोपवाचं, अन् कामाले लागाचं. माही मायही तेच करे. टरकाखाली तं बंडीपेक्षा चांगली गार सावली. मागच्या चाकाच्या मागं, टरकाच्या खाली, लाकडाचे आडवे दांडे असते, त्याईले लुगडं बांदलं, पोट्टीले झोपवलं, झोका देला, झोपली; याडी अन् पोट्टीचा बाप तवा झोपडीतून सामान काढून राह्यलते, त्याईनं पाह्यलं नाई. मी वर चढली, सामान लावाले.

बंडीचे बैल सोडलेले असले का बंडी जागची हालत नाई. हेच माह्या डोक्यात. टरकाचे बैल कोन्ते अन् ते कवा सुटते, हे मले कुठं ठाव!

तेवढ्यात याडी खालून वरडली, "डावीकडं कलली! मोटर डावीकडं कलली!"

"कलली नाई, जमीन उतरती हाय," पोट्टीचा बाप म्हने. "सपाटीवर घेतो, मंग पाह्य." अन् टरक सुरू कराचं हंडल घेऊन इंजिनासमोर गेला. मी मनात म्हनली, हंडलाले बसन घंटाभर, तवरीक मी उतरीन. कारन रोज वीस हंडल मारल्याबिगर तो टरक खोकतही नाई. त्या दिवशी मेला एकाच हंडलात सुरू झाला! पोट्टीचा बाप खुशीत आपल्या जागी चढला, याडी समोर उभी राहून बैलाले बोलवते तसी "ये, ये, ये" करू लागली, अन् टरक निंगाला.

अन् मी वर. अन् पोट्टी खाली.

उतराले येळ नव्हता. आवाज जात नव्हता. हातात बरनी होती, वर्साच्या लोनच्याची, गळ्यापर्यंत भरलेली. मी ती दोन्ही हातानं उचलली अन् डायवरच्या टपावरून समोर फेकली. इंजिनाच्या झाकनावर फुटली. पुढच्या काचेवर तेल, तिखट, मोहरी, सारं लालेलाल. गचकन टरक थांबला.

मी कशी उतरली ते मले आठवत नाई. गुडघे सोलले होते एवढं मंग दिसलं. मागून खाली शिरली. झोळी हालून राह्यली होती अन् पोट्टी तिच्यात, तोंडात बोट घालून, शांत झोपलेली. जल्मात इतका मोठा झोका तिले कोनं देला नसन. मी गाठ सोडली, तिले उरावर घेतलं, दुसऱ्या अंगानं बाहीर आली. कोनीच पाह्यलं नाई, कारन समोर याडीचा गोंधळ चालू होता. तिच्या कपाळावर कैरीची एक फोड चिकटली होती अन् ती तसीच बोंबलत होती.

"येडी झाली का वं? वर्साचं लोनचं! भूत शिरलं का आंगात?"

"काय झालं?" पोट्टीचा बाप काच पुसत म्हने. "काहून फेकली?"

 खरं सांगतलं तं पोट्टी याडीकडं गेली. नाई सांगतलं तं मी येडी, अन् येडीजवळ लेकरू कोन ठेवन? तरी पोट्टी गेलीच. मंग माह्या तोंडातून आपोआप निंगालं, "फेकली नाई जी. याडी म्हने ना, डावीकडं कलली, तं मी बरनी उजवीकडं सरकवून राह्यलती. तेवढ्यात तुमी टरक काढला. सुटली हातातून."

बरनी सुटून टपावरून कसी उडाली, हे कोनं इचारलं नाई. याडीचं तोंड क्षनात पोट्टीच्या बापाकडं फिरलं.

"सांगतलं होतं ना मी! कलली म्हनून सांगतलं होतं! सुनेले कळते, तुले नाई कळत!"

सारं सामान खाली उतरवलं. सारं पुन्यांदा चढवलं, मीठ पहिले. पोट्टीचा बाप घामानं भिजून गेला. मले थोडं वाईट वाटलं. लय नाई.

निंगाच्या येळी याडी म्हने, आन, एकडाव पोट्टीले घेऊ दे. नाई कसं म्हनाव? मी देली. याडीनं तिचा मुका घेतला, अन् मंग तिच्या कानामागं बोट फिरवलं. काळं. बोट नाकाशी नेलं. याडीचा जलम बंडीच्या चाकाले वंगन लावन्यात गेला, तिले वंगनाचा वास कोन सांगन? तिनं बोटाकडं पाह्यलं. माह्या सोललेल्या गुडघ्याकडं पाह्यलं. वाकून टरकाखाली पाह्यलं.

"हे काय हाय वं?"

"काजळ," मी म्हनली. "नजर नोको लागाले."

"खरं सांग," याडी म्हने. हळूच म्हने, भांडनाचा आवाजच नाई. "मी काई म्हनत नाई. फक्त खरं सांग."

टरक भोंगा वाजवून राह्यलता. पोट्टी तिच्या हातात.

"काजळच हाय," मी म्हनली, अन् हात पुढं केले. याडीनं लय येळ माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग पोट्टी देली. चार दिवस मी पोट्टीले पोटाशी बांधून बसली, हागाले गेली तरी सोडली नाई.

याडीचं म्हननं खोटं नव्हतं. लोखंड कोनाले ओळखत नाई, अन् जी माय लेकराले त्याच्याखाली टांगून इसरते तिच्याजवळ लेकरू ठेवाव का नाई, हे इचारनं काई पाप नोहे. पन पोट्टी माह्या आंगावरचं दूध पेत होती. तुमीच सांगा आता. तुमी असत्या, टरक उभा, म्हातारी तशी पाहून राह्यली, तं तुमी काय म्हनलं असतं?