अर्धा चेहरा अंधारातला

वडिलांनी आयुष्यात एकच तैलचित्र पूर्ण केलं, ते स्वतःचं. अंबरनाथच्या कारखान्यात ते यंत्रांचे आराखडे काढत. निवृत्तीनंतर रद्दीच्या दुकानातून त्यांनी चित्रकलेवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या एका वास्तववादी चित्रकाराचं आत्मचित्र होतं. साधा सदरा, थकलेले डोळे, एका बाजूने उजेड आणि दुसरी बाजू जवळजवळ काळी. "याने स्वतःला काही सूट दिली नाही," असं ते म्हणत.

पालेगावच्या आमच्या नव्या घरात, खिडकीशी आरसा टेकवून ते पावसाळाभर बसले. आई जाता-येता टोमणा मारी, "अहो, अर्ध्या तोंडाला काजळी लागलीय का? तेवढं उजळा की."

"खिडकी एकच आहे," ते म्हणत.

त्याच हिवाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला मोठा फोटो हवा होता आणि घरात फक्त कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. मामा म्हणाले, चित्रावरूनच करून आणतो. फोटो कॉम्प्युटरवर सुधारून घ्यायची तेव्हा नवी टूम होती. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या स्टुडिओवाल्याने अंधारी बाजू उजळली, रंग गोरा केला, अंगात कोट घातला. लोक म्हणाले, "काय छान आलाय फोटो." आईनेही मान डोलावली.

मूळ चित्र मामांनी पिशवीत घालून परत आणलं. ती पिशवी मी तशीच कपाटात ठेवली.

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी आई जेवता जेवता म्हणाली, "भिंतीवरचे ते मला कुणी साहेब वाटतात रे. तुझ्या पप्पांचं काढ."

पिशवीत चौकट नव्हती. स्कूटरवर मावेना म्हणून मामांनी चित्र चौकटीवरून उतरवून चादरीसारखी घडी घातली होती. त्यांच्या लेखी ते कापडच होतं. घडीवरचा रंग कपाळापासून हनुवटीपर्यंत सुटला होता. उजेडातला गाल शाबूत होता, अंधारातलाही. मधलं नाक आणि ओठ तेवढे गेले होते.

आईने चित्र मांडीवर पसरलं. पिशवीच्या तळाशी पडलेले रंगाचे पापुद्रे ती बोटाच्या टोकाने टिपत होती आणि वडिलांच्या चष्म्याच्या डबीत ठेवत होती.

"हे कुणाला परत चिकटवता येतं का रे?"

विचारून बघतो, म्हणालो.