जड गोळीवाले काका

कुणाच्याही घरी चहाला आले की काका जॅकेटच्या खिशातून दोन काडतुसं काढून बशीशेजारी उभी करायचे. एकाची गोळी जड आणि संथ, दुसऱ्याची हलकी आणि वेगवान. "सांग, हरणाला कुठली?" मी हलकी म्हणालो की लगेच, "तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं फास्ट पाहिजे. काम होवो न होवो."

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात ते निवृत्त सर्जन म्हणून माहीत होते, आणि तिरसट म्हणून त्याहून जास्त. त्यांचं फक्त काकूंशी पटायचं. काकू गेल्यावर तेही संपलं. मला ते आवडत नसत. तरी दर नोव्हेंबरला त्यांच्याबरोबर शिकारीला जायचो, कारण इथल्या मराठी मंडळींत रायफल बाळगणारे आम्ही दोघंच.

वाद पोकळ नव्हता. जड गोळी हाड फोडून आत जाते, पण लांब पोचेपर्यंत खाली येते. हलकी सरळ जाते, पण जाड मांसात वरच्यावर फुटते. हवं दोघांनाही एकच होतं: जनावर जागच्या जागी मरावं. "तडफडलं तर तुला शिकारी कोण म्हणेल? खाटीकसुद्धा म्हणणार नाही," काका म्हणायचे.

शेवटच्या वर्षी कापणी झालेल्या मक्याच्या शेतात, पार टोकाला एक हरणी दिसली.

"काका, लांब आहे. तुमची खाली जाईल."

"मला शिकवू नकोस."

त्यांनी गोळी झाडली. हरणीचा पुढचा पाय मोडला. ती वळली आणि तीन पायांवर, आमच्याकडे पाठ करून, लंगडत निघाली. मी रायफल उचलली.

"नको! मागून तुझा फुटाणा आत जायचा नाही. आणखी हाल करशील."

"मग तुम्ही मारा."

"किती लांब गेलीये, दिसतंय ना?"

"मघाशी काय जवळ होती?"

"तोंड सांभाळून बोल!"

मग जुनं सगळं निघालं. आम्ही गप्प झालो तोवर हरणी कुंपणापलीकडच्या झाडीत शिरली होती. कुंपणावर प्रवेशबंदीची पाटी.

आत जाऊ द्या म्हणून काकांनी त्या जागेच्या मालकाचं दार ठोठावलं. कुणापुढे न वाकलेला हा माणूस टोपी हातात धरून "प्लीज, सर, प्लीज" करत होता. मालकानं पाटीकडे बोट दाखवलं आणि दार लावलं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. पुढच्या उन्हाळ्यात काका वारले. मी अंत्यदर्शनाला गेलो नाही. त्या दिवशी माझं म्हणणं बरोबर होतं, असं आजही माझ्या मनात येतं आणि स्वतःचीच किळस वाटते.

त्या दिवशी मालकाच्या दारातून परतल्यावर मी गाडी सुरू करून हॉर्न दिला. काका आले नाहीत. कुंपणाची तार धरून झाडीकडे बघत उभे राहिले. दुपार कलली. पलीकडच्या झाडांवरून एकेक कावळा खाली उतरू लागला, तसे काका तिथेच बर्फात बसले.

मी पुन्हा हॉर्न दिला.