बॅरियर ड्रॉवरमध्येच होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. किती वेळा तोंडापर्यंत आलं – आणि मी दुसरंच काहीतरी बोलून मोकळा झालो. आज तुम्हाला सांगतो.

मोबाइल नुकते आमच्या हातात येऊ लागले होते, ते दिवस. आरोंद्याहून मी आणि सांतान रोज एका मोटरसायकलवर गोव्यातल्या थिनरच्या कारखान्यात जायचो. शेजारी आम्ही, शाळेतही एका बाकावरचे. मी कंट्रोल रूममध्ये इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचो, तो बाहेर टाक्यांवर.

टाक्यांजवळच्या हवेत थिनरची वाफ असते. म्हणून तिथे जाणाऱ्या वायरींत वीज इतकी कमी ठेवायची, की ठिणगी पडली तरी वाफ पेटू नये. हे काम कंट्रोल रूममधला बॅरियर करतो – मुठीएवढी डबी. तो असला की टाकीवरची जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींच्या जोडांची पेटी, वीज चालू असतानाही उघडता येते. सांतानला हे मीच शिकवलं होतं.

एका टाकीचा बॅरियर जळला. नवा येईपर्यंत प्लांट बंद ठेवायचा नव्हता, म्हणून मी तो वगळून वायर सरळ जोडली. कुणाला सांगितलं नाही. नवा आला, तो माझ्या ड्रॉवरमध्ये तीन दिवस पडून राहिला. बसवायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. पण लाइन थांबवायची तर शिफ्टच्या साहेबाला कारण सांगावं लागलं असतं – आणि कारण मीच होतो ना.

चौथ्या दिवशी दुपारी त्याच टाकीचं रीडिंग अडखळायला लागलं. सांतान वर चढला. वॉकीटॉकीवर त्याने विचारलं, "सप्लाय बंद करतंस?"

मी म्हटलं, "गरज नाय रे. उघड."

विसरलो होतो का मी? – नाही. बोलताना मला आठवत होतं. वाटलं, एवढ्याने काय होतंय.

खिडकीतून भडका दिसला. सगळे बाहेर धावले. मी नाही धावलो. मी ड्रॉवर उघडला आणि नवा बॅरियर बसवला.

चौकशीत वायरिंग बरोबर निघालं. सांतानच्या खिशात वितळलेला मोबाइल सापडला. मोबाइलनेही वाफ पेटू शकते, म्हणून तो गेटवर जमा करायचा नियम होता. रिटाला, त्याच्या बायकोला, नववा महिना होता, म्हणून गेटवर जमा न करता तो बंद करून जवळ ठेवायचा. मला ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं, वॉकीटॉकीवर काही ऐकू आलं का?

मी म्हणालो, "मोबाइल वाजल्यासारखं वाटलं."

एवढंच. या एका वाक्यावर त्याची नोकरी गेली. भाजलेल्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. हॉस्पिटलमध्ये तो आधी सांगत होता, फोन बंद केला होता म्हणून. मग एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ऐकलंस म्हणजे वाजलो आसतलो." माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता.

बाळंत होऊन रिटा घरी आल्यावर मी बाळ बघायला गेलो. तिने चहा दिला. सांतान मागच्या दारी होता. ती हळूच म्हणाली, "त्या दुपारी कळा इल्यासारख्या वाटल्यो म्हणान मीया फोन लावललंय. लागलो नाय असा वाटला. पण वाजलो तो फोन माझोच होतो."

तेव्हा बोलता आलं असतं. फक्त ती आणि मी होतो. – मी चहा प्यालो.

रिटाने परत कधी कुणाला फोन लावला नाही. कुणाला लावायचा झाला तर मुलीला सांगते. दर नाताळाला ती आमच्याकडे नेवऱ्या पाठवते, आणि मी त्या खातो.